जॉबचा फोटो म्हणजे ड्रॉइंग नव्हे!

ज्याचा एम-थ्रीचा बॅक राहिला होता त्याने गणितावर लेख लिहावा, हा या अंकातला सगळ्यात मोठा विनोद ठरेल. (बॅक निघाला आहे, हे घरी अंक वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो!) पण हा लेख गणित कसं सोडवावं यावर नाही. वेब पानावर समीकरण कसं लिहावं, यावर आहे. मेसमध्ये हा विषय काढला तर समोरचे दोघं ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. तुम्ही निदान पान उलटेपर्यंत तरी थांबा, एवढीच विनंती.

सुरुवात चाकणपासून करतो. गेल्या उन्हाळ्यात मी तिथल्या एका कंपनीत इनप्लांट ट्रेनिंगला होतो. सकाळी सहाला हॉस्टेल सोडायचं, भोसरीला बस बदलायची, मोशी मागे टाकायची आणि चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकून घड्याळ बघत बसायचं. मला मेन्टेनन्स डिपार्टमेंट मिळालं होतं. तिथले एक सीनियर टेक्निशियन, ज्यांना अख्खं डिपार्टमेंट काका म्हणतं, त्यांनी मला एक काम दिलं. एका कन्व्हेयरच्या रोलर बेअरिंगचं आयुष्य काढून दे.

मेकॅनिकलवाल्यांना सूत्र माहीत असेलच. बाकीच्यांसाठी सांगतो. बेअरिंगचं डायनॅमिक लोड रेटिंग घ्यायचं, त्याला प्रत्यक्ष येणाऱ्या लोडने भागायचं आणि त्या भागाकाराचा घात करायचा. बॉल बेअरिंग असेल तर घातांक ३, रोलर बेअरिंग असेल तर १०/३. उत्तर दशलक्ष फेऱ्यांमध्ये येतं. शंभरातली नव्वद बेअरिंग्ज निदान तेवढं चालतील असा त्याचा अर्थ.

मी काय केलं? एका वेब पानावरून सूत्र उचललं आणि एक्सेल शीटमध्ये पेस्ट केलं. पानावर ते १०/३ बारीक अक्षरात कंसाच्या खांद्यावर चढून बसलेलं होतं. पेस्ट केल्यावर ते खाली उतरलं आणि कंसाच्या शेजारी येऊन उभं राहिलं. मला वाटलं, गुणायचं असेल. गुणलं. भागाकार ५ होता, म्हणून उत्तर आलं १६.६७ दशलक्ष फेऱ्या. मिनिटाला १००० फेऱ्या धरल्या तर सुमारे २७८ तास. दोन शिफ्टचे दिवसाला सोळा तास धरून सतरा-अठरा दिवस. मोठ्या आत्मविश्वासाने प्रिंट काढून काकांच्या हातात दिली.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "काय रे इंजिनिअर, अठरा दिवसांत बेअरिंग जाणार? मग दिवाळीत टाकलेलं हे अजून कसं फिरतंय?"

"काका, फॉर्म्युला तसाच आहे."

"फॉर्म्युला तसा असेल, बेअरिंग तसं नाही. दाखव कुठून घेतलंस."

मी मोबाईलवर पान दाखवलं. त्यांनी बोटाने मोठं करून बघितलं, मग माझ्या शीटकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "हा फोटो झाला रे. ड्रॉइंग कुठंय?"

बरोबर उत्तर होतं ५ चा १०/३ वा घात, म्हणजे साधारण २१३.७ दशलक्ष फेऱ्या, सुमारे ३५६२ तास, दोन शिफ्टमध्ये दोनशे बावीस दिवस. जवळजवळ तेरापट फरक! काकांना हा घात तोंडाने सांगता आला नसता कदाचित, पण दिवाळीपासूनचा हिशोब त्यांच्या हातात होता म्हणून मी वाचलो. तसा हिशोब सांगणारं कोणी शेजारी नसतं तर? दर पंधरा दिवसांनी चांगली बेअरिंग्ज काढून फेकायचा प्लॅन माझ्या नावाने फाइलला लागला असता.

चूक माझीच होती. कॉपी-पेस्ट करून डोकं न लावण्याला दुसरं नाव नाही. पण काकांचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये जा. जॉबचा सुंदर फोटो मोबाईलवर पाठवा आणि म्हणा, असा करून द्या. मालक हात जोडेल. फोटोत जॉब दिसतो, पण त्याचा व्यास किती, टॉलरन्स किती, मटेरियल कोणतं, हे दिसत नाही. ते ड्रॉइंगमध्ये असतं. ड्रॉइंग हातात असेल तर जॉब जुन्या लेथवर करा नाहीतर नव्या सीएनसीवर, आज करा नाहीतर दहा वर्षांनी, तो तोच निघतो.

समीकरणाचंही अगदी हेच आहे. वेब पानावर ते तीन प्रकारे येतं. पहिला प्रकार म्हणजे सरळ चित्र. वहीचा स्कॅन किंवा स्क्रीनशॉट. दुसरा प्रकार मी फसलो तो. अक्षरं खरी, पण घात फक्त दिसण्यापुरता वर चढवलेला. आणि तिसरा प्रकार म्हणजे ज्यात 'हा पाया, हा त्याचा घात, हा अपूर्णांकाचा अंश, हा छेद' ही रचनाच लिहून ठेवलेली असते. पहिले दोन फोटो आहेत. तिसरं ड्रॉइंग. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या कॉलेजच्या नोट्समध्ये, प्रश्नसंचांत आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये समीकरण तिसऱ्या प्रकारे लिहिलं गेलं पाहिजे. ते दाखवायला कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं हा नंतरचा प्रश्न.

आता कोणी म्हणेल, एवढ्या साध्या गोष्टीवर लेख कशाला? तर ही गोष्ट साधी कधीच नव्हती. गंमत बघा, वेबचा जन्म १९८९ साली सर्नमध्ये, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत झाला. जिथे भिंतीवर सुद्धा समीकरणं लिहितात तिथे! आणि तरी वेब पानाच्या भाषेत समीकरणाला जागा नव्हती. १९९५ च्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात गणिताची सोय सुचवली होती, पण १९९७ च्या ३.२ मध्ये ती आलीच नाही. १९९८ मध्ये मॅथएमएल नावाची गणिताची वेगळी भाषा वेबसाठी मंजूर झाली. कागदावर प्रश्न मिटला. पण ब्राउझरला ती भाषा कळली तर ना!

मोझिलाच्या ब्राउझरला ती कळत होती, पण वेगळे फॉन्ट बसवावे लागत. तेव्हा बहुतेक कॉम्प्युटरवर इंटरनेट एक्सप्लोरर असायचा आणि त्याला मॅथएमएल समजत नसे. म्हणून डिझाइन सायन्स या अमेरिकन कंपनीने मॅथप्लेअर नावाचा प्लगइन फुकट दिला. तो बसवला की समीकरण दिसायचं, नाहीतर सगळा गोंधळ.

आपल्यातल्या स्टाफला आणि माजी विद्यार्थ्यांना यावरून एक जुनी आठवण नक्की येईल. त्याच काळात मराठी वर्तमानपत्रांच्या साइट उघडल्या की आधी त्यांचा फॉन्ट डाउनलोड करावा लागायचा. या पेपरचा हा फॉन्ट, त्या पेपरचा तो. फॉन्ट नसेल तर अग्रलेखाच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग! आणि तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला तर तोही कचराच. पुढे युनिकोड रुळलं, मराठी अक्षर हे खरोखर अक्षर म्हणून साठवलं जाऊ लागलं आणि आज कोणी फॉन्टचा विचारही करत नाही. मराठीला त्या दिवसांत जे सोसावं लागलं तेच समीकरणाला सोसावं लागलं, फक्त जास्त वर्षं.

कारण मॅथप्लेअरचं पुढे काय झालं? ब्राउझरने नव्या आवृत्त्यांत आपली आतली रचना बदलली आणि प्लगइन चालेनासा झाला. १५ जून २०२२ ला तर मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचाच निरोप घेतला. क्रोमची कथा आणखी मजेशीर. २०१३ च्या जानेवारीत क्रोमने मॅथएमएल दाखवायला सुरुवात केली आणि पुढच्याच आवृत्तीत ती सोय काढून टाकली! ती परत आली २०२३ च्या जानेवारीत. मधली दहा वर्षं जगाने काम चालवलं ते जावास्क्रिप्टच्या जोरावर. मॅथजॅक्सची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली, खान अकॅडमीचं केटेक २०१४ मध्ये. यात वाचणाऱ्याला काहीच बसवावं लागत नाही. लिहिणाऱ्याने पानात जोडलं की झालं. पण २०१७ च्या एप्रिलअखेर मॅथजॅक्सने आपला जुना सर्व्हर बंद केला, तेव्हा त्यावर विसंबलेल्या पानांना पत्ता बदलून घ्या असं सांगावं लागलं.

आणि घरातलंच उदाहरण हवं असेल तर वर्ड घ्या. वर्डमधलं जुनं इक्वेशन एडिटर ३.० सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या जानेवारीतल्या अपडेटमध्ये काढून टाकलं. त्यात लिहिलेली समीकरणं दिसतात, पण त्या एडिटरने बदलता येत नाहीत. लायब्ररीच्या सीडींमध्ये सीनियर मंडळींचे जुने प्रोजेक्ट रिपोर्ट आहेत, त्यांतल्या एकाचं समीकरण दुरुस्त करायला गेलो तेव्हा मला हे कळलं. डबल क्लिक, आणि एरर!

या सगळ्यात टिकलं काय? १९७७ साली डोनाल्ड नुथ या गणितज्ञाला आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी कुरूप वाटली की त्याने छपाईसाठी स्वतःच एक प्रणाली लिहायला घेतली. ती टेक. १९७८ मध्ये ती पहिल्यांदा चालली. समीकरण साध्या अक्षरांत लिहायची तिची पद्धत आजही मुळात तीच आहे. तिच्यावरच बेतलेल्या पद्धतीने आज अपूर्णांक मॅथजॅक्समध्ये, केटेकमध्ये, विकिपीडियावर, अगदी आपल्या मराठी विकिपीडियावरही लिहितात. विकिपीडियाने सुरुवातीला टेकमधल्या समीकरणाचं चित्र करून पानावर टाकलं, पुढे दाखवायची पद्धत बदलत गेली, पण लेखात लिहिलेलं समीकरण सहसा कोणाला पुन्हा लिहावं लागलं नाही. मशीन बदललं, ड्रॉइंग तेच.

इथपर्यंतचं सगळं कोणाला तांत्रिक हौस वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण आमच्या मजल्यावर एक ज्युनिअर राहतो, कॉम्प्युटर सेकंड इयरला. त्याची नजर फार कमी आहे. (त्याला विचारून हे लिहितोय. नाव मात्र नको म्हणाला.) तो लॅपटॉपवर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर लावून नोट्स ऐकतो. त्याचा ऐकायचा स्पीड असा की आपल्याला फक्त भुंगा गुणगुणल्यासारखं वाटतं. कोडिंगमध्ये तो आमच्यापैकी अनेकांना भारी आहे. अडतो कुठे? एम-थ्रीच्या नोट्समध्ये. वाक्य ऐकू येतं, 'म्हणून लाप्लास ट्रान्सफॉर्म पुढीलप्रमाणे', आणि मग मशीन म्हणतं, 'ग्राफिक'. पुढचं वाक्य, 'यावरून', आणि पुन्हा 'ग्राफिक'. जी पानं पूर्ण स्कॅन केलेली आहेत तिथे तर वाक्यंही नाहीत.

मग पीएलमध्ये त्याचा रूममेट त्याला वाचून दाखवतो. एका रात्री रूममेटला बरं नव्हतं म्हणून मी गेलो. वाचायला लागलो, "इंटिग्रल शून्य ते अनंत, ई रेज टू मायनस एसटी..." पलीकडच्या कॉटवरून कोणीतरी ओरडलं, "एसटी कुठली, स्वारगेट का?" सगळे हसलो. तोही हसला. मी पुढे वाचलं, "एफ ऑफ टी, डीटी." त्याने थांबवून विचारलं, "दादा, एफ ऑफ टी वर आहे का खाली?"

मी गप्पच झालो. हाच प्रश्न मी चाकणला स्वतःला विचारायला हवा होता. १०/३ वर आहे का खाली? मला तो डोळ्यांनी दिसत असून मी विचारला नाही. त्याला दिसत नाही म्हणून तो प्रत्येक ओळीला विचारतो. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रात मशीनला सापडेल असं कुठेच लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक प्रयोग केला. त्याच युनिटमधली दहा समीकरणं मी टेकमध्ये लिहिली, मॅथजॅक्स लावलेल्या एका साध्या पानावर टाकली. त्याने एनव्हीडीएला मॅथकॅट नावाची जोड बसवली. मशीनने इंग्रजीत समीकरण वाचलं. घात कुठे सुरू होतो, कुठे संपतो, सगळं. त्याला हवं तेव्हा तो बाणांच्या बटणांनी समीकरणाच्या आत शिरत होता. फक्त अंश ऐक, फक्त छेद ऐक. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा लाप्लासचा धडा एकट्याने वाचला. मला म्हणाला, "दादा, आता रात्री कोणाला उठवायला नको." मी एवढंच सांगतो, त्याआधी तो रात्री कोणाकोणाला उठवत होता, आणि किती वेळा न उठवता तसाच झोपत होता, याचा हिशोब आपण कोणीही ठेवलेला नाही.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशींना 'या' हे अक्षर आणि 'का', 'नी' अशी रंगांच्या नावांवरूनची अक्षरं असत आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. पोथी उतरवून घेणाऱ्याच्या हातून ते टिंब सुटलं की ऋणाचं धन! लिहिणाऱ्याने रचना नीट पोचवायची, ही जबाबदारी तेव्हाही होती. साधन बदललं म्हणून ती गेली नाही.

आता आक्षेप. मी हा विषय काढल्यावर जे ऐकलं तेच देतो.

पहिला, सरांना वेळ कुठे आहे? मान्य. लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल तपासणी, ॲक्रेडिटेशनच्या फायली, यातून वही स्कॅन करून टाकणं हेच शक्य होतं, आणि तेही न करणारे असतात. म्हणून हे काम फक्त स्टाफवर टाकू नये असं माझं मत आहे. एक युनिट टाइप करायला मला दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली पहिली शिकण्यात गेली. प्रत्येक विषयाला आपल्यातले चार जण उभे राहिले तर एका सेमिस्टरमध्ये होईल. सरांनी फक्त तपासून द्यावं.

दुसरा, सगळ्यांकडे मोबाईल आहे, चित्र मोठं करून वाचता येतं. ज्याला येतं त्याला येतं. पण चित्रात शोधता येत नाही, त्यातून उचलता येत नाही आणि हॉस्टेलच्या वायफायवर रात्री अकरानंतर शंभर पानांचा स्कॅन उघडायला काय लागतं हे रेक्टर सरांशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता एआय फोटोवरून समीकरण ओळखतो, मग टाइप कशाला? जरूर वापरा. जुन्या नोट्सचा पहिला कच्चा मसुदा त्याच्याकडून करून घ्या. पण एकदा माणसाने तपासून नीट मजकूर ठेवला की काम कायमचं संपतं. नाहीतर प्रत्येक विद्यार्थी, प्रत्येक वेळी, नव्याने अंदाज घेणार. आणि अंदाज चुकला तर सांगायला प्रत्येकाजवळ काका असतीलच असं नाही.

चौथा, हाताने लिहिल्याशिवाय गणित येत नाही. शंभर टक्के खरं! फळा आणि वही राहू द्याच. मी फक्त जे वेबवर टाकतो त्याबद्दल बोलतोय.

करायचं काय, तेही सांगतो. आपल्या नोट्स मूडलवर असतात. मूडलमध्ये मॅथजॅक्सची सोय आहेच. समीकरण टेकमध्ये लिहून दोन्ही बाजूंना दोन-दोन डॉलरची चिन्हं टाकली की ते पानावर नीट दिसतं. (व्हॉट्सअपवर डॉलर-डॉलर दिसतात म्हणून आपण वैतागतो, ते हेच. तिथे ते दाखवणारं मशीन नाही, एवढंच.) वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की समीकरणाचा चौकोन उघडतो, त्यात लिहा, स्क्रीनशॉट चिकटवू नका. स्कॅन टाकायचाच असेल तर सोबत निदान महत्त्वाची सूत्रं टाइप करून द्या. आणि मूळ टेकची फाइल जपून ठेवा, ती तुमच्या पुढच्या बॅचची इस्टेट आहे.

संपादक मंडळालाही एक चिमटा. आपल्या अंकाच्या वेब आवृत्तीत इंग्रजी विभागातले टेक्निकल लेख आहेत, त्यांतली सगळी समीकरणं चित्रं आहेत. सुरुवात घरापासून करूया. मी टाइप करायला तयार आहे.

ट्रेनिंग संपल्यावर काकांना दुरुस्त शीट द्यायला गेलो. त्यांनी दोनशे बावीस दिवसांचा आकडा बघितला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "हां, आता बरोबर वाटतंय. म्हणजे आता बदलायला झालंय." आणि ते बेअरिंग बघायला उठून गेले.

एम-थ्रीच्या दुसऱ्या युनिटसाठी तीन जण हवे आहेत. तिसऱ्या मजल्यावर या. चहा माझ्याकडून!